बापूभावजींची ओली वाळू

पितृपंधरवडा लागला की हल्ली भाट्याच्या पुळणीवर ते आवाज येतात. टूं, टूं, टूंऽऽ. पूर्वी या दिवसांत इथे समुद्र आणि कावळे, एवढ्या दोघांचाच आवाज असायचा. आता कुठून कुठून बाप्ये येतात. कानांना डबडी लावलेली, हातात लांब दांडा, दांड्याच्या टोकाला तवा, आणि माना खाली घालून असे फिरतात जणू काल संध्याकाळी आपली अक्कल इथेच कुठेतरी सांडली होती. जमिनीतलं सोनं सांगणारं यंत्र म्हणे. मी सकाळी सुरूच्या बनातून फिरायला जाते तेव्हा त्यांतला एखादा मला थांबवून विचारतो, "आजी, इथे विसर्जन नक्की कुठे होतं?" मी त्याला नदीच्या मुखाकडे बोट दाखवते. विसर्जन दुसऱ्या टोकाला होतं. जाऊ दे, चालू दे मेल्याला.

या सगळ्याची सुरुवात आमच्या बापूभावजींनी केली. भावजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, नलिनीचे, मोठे दीर. नोकरी ठाण्याला झाली, कंपनीत सुपरवायझर होते, आणि निवृत्त होऊन गावाला आले ते सगळ्या गावाचेच सुपरवायझर झाले. पाखाडीचा उतार कुठे चुकलाय, कलमांना खत कधी घालायचं, ग्रामपंचायतीने दिवा कुठल्या खांबावर लावायचा, सगळं त्यांना कळे. नलीच्या घराची एक बाजू त्यांची, एक नलीची, मधे पडवी सामाईक. मी लांज्याच्या मराठी शाळेतून निवृत्त झाले, लग्नबिग्न केलेलं नव्हतं, लांज्याच्या घराला कुलूप घातलं आणि नलीकडे राहायला आले. त्यामुळे भावजींचं सुपरवायझरपण मला रोज सकाळी चहाबरोबर मिळायचं.

त्या वर्षी गणपतीत त्यांच्या दुबईच्या जावयाने ते यंत्र आणलं. पडवीत खोकं उघडलं तेव्हा निम्मी वाडी जमली होती. भावजींनी माहितीचं पुस्तक बाजूला टाकलं, कारण पुस्तक वाचणं त्यांच्या इभ्रतीला शोभत नाही, आणि यंत्र घेऊन सरळ अंगणात उतरले. तवा जमिनीला लागला मात्र, यंत्राने जे बोंबलायला सुरुवात केली ती थांबेना. तुळशीपाशी बोंबललं, विहिरीपाशी बोंबललं, गोठ्याच्या चौथऱ्यावर तर नुसता गळाच काढला. भावजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "पणजोबांनी पुरलेलं असणार," ते हळूच म्हणाले, आणि वाडीतल्या सगळ्यांना चहा न देता घरी पाठवलं. मग तीन प्रहर तो माणूस स्वतःच्या अंगणात पहार घालत होता. खाली काय निघालं? जांभा. त्याच्या खाली आणखी जांभा. आमच्या जांभ्यात लोखंड भरलेलं असतं हे शाळेत मी पोरांना सातवीत शिकवायचे, पण मला कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पडवीत बसून शेंगा सोलत होते. मजा येत होती.

अंगण खणून झाल्यावर भावजी पुळणीवर गेले.

भाद्रपदातली पुळण ज्यांनी बघितली नाही त्यांना ती कळायची नाही. मे महिन्यात पर्यटकांना दिसते ती गुबगुबीत, पांढुरकी, आइस्क्रीमवाल्यांची पुळण वेगळी. पावसाळाभर समुद्र ती खरवडतो, कंबरभर खाली नेतो. सुरूंची मुळं उघडी पडतात, केसांच्या जटांसारखी लोंबतात. वाळूवर काळे पट्टे उठतात, ओले, जड, पायाला गार लागणारे. मधे मधे विसर्जनाचं उरलंसुरलं पडलेलं असतं. एखादा पाट, दुर्वांचा लगदा, रंग गेलेला एखादा मातीचा कान. उन्हाला तो भाद्रपदी चटका असतो आणि वाऱ्याला कुजक्या शेवाळाचा वास. मला हा किनारा मे महिन्यापेक्षा आवडतो. निदान त्याला कोणाला खूश करायचं नसतं.

वरच्या कोरड्या वाळूत यंत्र शहाण्यासारखं वागे. टूं झालं की भावजी गुडघ्यावर बसायचे, जाळीच्या डब्याने वाळू चाळायचे आणि वर यायचं बाटलीचं बूच. परत टूं, परत बूच. मग डब्याच्या झाकणाची कडी, गुटख्याची चंदेरी पुडी, केसांचा चाप, गंजका खिळा, कुणाच्या तरी स्कूटरची किल्ली. पुण्याकोल्हापुराची माणसं इथे येऊन काय टाकून जातात त्याचं प्रदर्शनच मांडलं होतं त्यांनी पडवीत. मी म्हटलं, "भावजी, ग्रामपंचायतीला सांगा, सफाईचा पगार सुरू करतील." त्यांनी कानांवरचं डबडं एका बाजूने उचललं, काय म्हणालात म्हणून विचारलं, आणि उत्तर ऐकायच्या आत परत खाली सोडलं.

मग एकदा कोल्हापूरकडची एक नवी नवरी कोरड्या वाळूत अंगठी हरवून रडत बसली होती. भावजींनी तिला ती काढून दिली. झालं. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत शाल आणि नारळ, मोबाइलवर फोटो, फोटोत भावजी यंत्र बंदुकीसारखं खांद्याला लावून उभे. वहिनी, म्हणजे त्यांची बायको, बिचारी तो फोटो येईल त्याला दाखवायची. शालीवर मात्र भावजींचं मन भरेना. नवरी उभी राहून रडत होती म्हणून अंगठी द्यावी लागली, हे दुःख त्यांच्या मनात राहिलं होतं. "कोरड्या वाळूत मालक जवळपास असतात," ते मला एकदा अगदी मोकळेपणाने म्हणाले. "खरा माल ओल्या वाळूत. तिथलं जे सापडेल ते सापडणाऱ्याचं. समुद्राने एकदा घेतलं की मालक संपला."

आता हे वाक्य ते नलीच्या घराच्या पडवीत बसून म्हणत होते. नली आत तांदूळ निवडत होती.

नलीचा नवरा सुधीर गेला तो करोनाच्या आदल्या वर्षी. भला माणूस, पतपेढीत होता, कधी चढ्या आवाजात बोलला नाही. दहाव्या दिवशी भावजी ठाण्याहून आलेले होतेच. आमच्याकडे, म्हणजे शहाण्या माणसांच्या घरात, नवरा गेला की मंगळसूत्राची पोत उतरवतात, मणी सोडतात आणि सोन्याच्या वाट्या ठेवतात. पुढे मुलीला होतात, सुनेला होतात, अडीनडीला होतात. पण यांच्या घराण्याची रीत वेगळी, भावजी म्हणाले. यांच्याकडे वाट्यांसकट सगळं समुद्राला द्यायचं. ओहोटीला द्यायचं, म्हणजे समुद्र ते घेऊन जातो. बाईने स्वतः पाण्याजवळ जायचं नाही, घरातल्या कर्त्या पुरुषाने जायचं. यांच्या आईचं तसंच केलं होतं, आजीचं तसंच. मी तिथे होते. मी म्हटलं, "वाट्या राहू देत, तिच्या आईने केल्यात." भावजी म्हणाले, "ताई, तुमचं लग्न झालेलं नाही, तुम्ही यात पडू नका." नली सुरूखाली उभी होती, तिच्या गळ्यावर पोतीचा पांढरा वळ होता. भावजी लाटांत गुडघाभर गेले, हात वर गेला, खाली आला. मग पाय धुऊन परत आले आणि म्हणाले, भूक लागली.

त्या वाट्या आमच्या आईने केल्या होत्या. वडिलांनी नव्हे. वडील शेवटपर्यंत लांज्याच्या एसटी थांब्यासमोरच्या हॉटेलात बसून देशाचं काय होणार याची चिंता करत असायचे. आई काजू फोडायला जायची. काजूच्या बीचं तेल बोटांना लागलं की कातडं जळतं. राखेत हात घोळवले, खोबरेल लावलं, तरी बोटांची टोकं काळीच राहायची, सालं निघायची. भात कालवताना ती चमच्याने कालवायची, आम्हाला हाताने भरवायला लाजायची. त्या बोटांनी तिने नलीच्या लग्नाच्या वाट्या जमवल्या. नलीने पंचवीस वर्षं त्या घातल्या, आंघोळीला काढल्या नाहीत, ती अंगणवाडीत सेविका, तिथली पोरं मांडीवर बसून त्यांच्याशी खेळायची. आईची दुसरी काही वस्तू आमच्याकडे नाही. एक फोटो आहे, त्यात तिने हात पदराखाली घेतलेत.

तर भावजींनी ओल्या वाळूचं सांगितलं त्या संध्याकाळी नली पडवीत आली. हात पदराला पुशीत म्हणाली, "भावजी, माझ्या वाट्या मिळतील का हो त्या यंत्राने?"

भावजी आधी हसले. मग गंभीर झाले, कारण त्यांना घराणं आठवलं. "अगो नलिनी, दिलेलं परत मागायचं नसतं. आणि ती वस्तू अशुभ. विधवेचं उतरवलेलं ते. तसलं घरात आलं तर घर बसतं. मला दिसली तरी मी उचलायचा नाही."

"मी उचलीन. तुम्ही नुसतं सांगा."

"ते आता आफ्रिकेला पोचलं असेल," भावजी म्हणाले, आणि यंत्राच्या बॅटरीकडे वळले. एवढ्या वर्षांत त्यांनी म्हटलेली ही एकच गोष्ट मला पटली. समुद्र काय आपल्यासाठी वस्तू सांभाळून ठेवतो होय? मी नलीला रात्री सांगितलं, येडी आहेस. ती म्हणाली, "मला त्या हव्यात, ताई." एवढंच. रडली वगैरे नाही. नलीला हट्ट करताना मी लहानपणीही बघितलं नव्हतं.

त्या दिवसापासून तिला डॉक्टरांनी चालायला सांगितलं. कोणत्या डॉक्टरांनी ते मला अजून कळलेलं नाही. ओहोटी सकाळी असली तर डॉक्टरांनी सकाळी सांगितलेलं असायचं, दुपारी असली तर दुपारी. भावजी पुढे तवा फिरवीत आणि ही मागे चार हात अंतर ठेवून, पदर डोक्यावर, नजर त्यांच्या चाळणीवर. भावजींना वाटे, धाकटी भावजय म्हणून मागे मागे येते, आपली कर्तबगारी बघायला. मुंबईकडच्या फोनवर सांगत, नलिनीलाही नाद लागलाय. मी त्या दोघांच्या मागे चालायचे. दिसायला आम्ही तिघं कसे दिसत असू देव जाणे.

ओल्या वाळूत यंत्राची रया जायची. खाऱ्या पाण्याला ते धातू समजायचं. लाट आली की बोंब, लाट गेली की बोंब, काळ्या पट्ट्यावर तर परत आमच्या अंगणासारखं. भावजी बटणं फिरवीत, तव्यावर चापट्या मारीत, जावयाला दुबईला फोन लावीत. चार बोंबांमागे एखादी खरी निघे आणि तिच्यातून हिरवं पडलेलं नाणं निघे, लोकांनी गणपतीबरोबर टाकलेलं. नाहीतर जाळ्यांची शिशाची वजनं, बोराएवढी. ती ते चिडून परत समुद्रात भिरकावायचे. मग जावयाने तिकडून काहीतरी वाचून सांगितलं, की जड वस्तू एका ठिकाणी बसतात, जिथे शिसं तिथेच सोनं. तेव्हापासून भावजी शिशाला हात जोडायचे बाकी होते.

अष्टमीला सुधीरचं श्राद्ध. श्राद्ध भावजींनीच करायचं, रीत. त्या दिवशी ओहोटी ऐन बाराला होती आणि भटजींना लांज्याहून यायला उशीर झाला. मी आयुष्यात इतकं वेगवान श्राद्ध पाहिलेलं नाही. भावजी पिंड वळताना घड्याळ बघत होते. भटजींनी "पितरांचं स्मरण करा" म्हटलं की यांचं स्मरण संपलेलं असायचं. कावळ्याला पान ठेवलं, कावळा आंब्यावर बसून विचार करत होता, आणि भावजी सोवळ्यावरच अर्धी चड्डी चढवून डबडं कानाला लावून निघाले. कावळा शिवला की नाही ते नलीने बघितलं. शिवला. सुधीर कधी कोणाची अडवणूक करायचा नाही.

सर्वपित्रीला उधाणाची ओहोटी. अमावास्येला समुद्र संध्याकाळी इतका आत जातो की एरवी न दिसणारे खडक वर येतात आणि पुळण दुप्पट होते. भावजी पंधरवडाभर याच दिवसाची वाट बघत होते. आम्ही गेलो तेव्हा सूर्य टेकायला आला होता आणि वाळूवर पाण्याचा पातळ थर राहिला होता, त्यात आभाळ दिसत होतं. सुंदर होतं, मी खोटं कशाला सांगू. त्या सगळ्यावरून भावजी फताफता पाय टाकत चालले होते.

खडकाच्या कडेला त्यांना शिसं लागलं. एक, मग आणखी, मग मूठभर. भावजींनी यंत्र मला धरायला दिलं, यावरून काय ते समजा. गुडघ्यावर बसून त्यांनी डबा खोल घातला, खळबळून धुतला, परत घातला. तिसऱ्यांदा धुतला तेव्हा शिशाच्या काळ्या तुकड्यांत पिवळं काही दिसलं. सोनं गंजत नाही म्हणतात, ते मी तेव्हा बघितलं. मंगळसूत्राची एक वाटी. एकच. आत वाळू भरलेली, बाहेरून काल सोनाराकडून आणल्यासारखी.

भावजींनी ती तळहातावर घेतली. "बघ," ते म्हणाले, "बघ नलिनी, म्हटलं होतं की नाही."

नली वाकली. तिने वाटी बोटाने उलटी केली, परत सुलटी केली, जरा उचलून परत त्यांच्या तळहातावर ठेवली. बराच वेळ बघत राहिली. मग शांतपणे म्हणाली, "माझी आहे, भावजी."

"कशावरून?"

"पंचवीस वर्षं गळ्यात होती. मला कळायची नाही होय?"

भावजींनी मूठ मिटली. त्यांच्या तोंडावर घराणं आणि सोनं यांची जी मारामारी चालली होती ती मी जवळून पाहिली, आणि त्यात सोनं जिंकलं. "असेल," ते म्हणाले, "पण समुद्राने घेतलं की मालक संपला, हे मी आधीच सांगितलंय. सापडेल त्याचं."

"न्या की," नली म्हणाली. "मी नको म्हणत नाही. फक्त वहिनींच्या हातात देऊ नका. कपाटातसुद्धा त्यांच्या कपड्यांत ठेवू नका. विधवेची उतरवलेली आहे. सवाष्णीचा हात लागला तर काय होतं ते तुम्हीच मला सांगितलंत."

वहिनींचं काही वाईट व्हायचं नव्हतं, हे भावजींच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. सवाष्णीचं सवाष्णपण ज्याच्यामुळे असतं तो माणूस गुडघाभर वाळूत बसलेला होता. त्यांनी मूठ उघडली आणि हात असा झटकला की जणू निखारा लागलाय. वाटी पाण्याच्या थरात पडली. मग त्यांनी दोन्ही हात वाळूने घासले, परत घासले, आणि माझ्या हातातून यंत्र हिसकावून घराकडे चालायला लागले, मागे न बघता. त्या रात्री त्यांनी विहिरीवर डोक्यावरून आंघोळ केली, हे वहिनीने सांगितलं. यंत्र कार्तिकात कोणाला तरी विकलं. घेणाऱ्याने अजून तीनचार आणवली, आणि त्याचे चेले हल्ली मला विसर्जन कुठे होतं विचारतात.

नलीने वाटी उचलली, धुतली, पदराच्या टोकाला गाठ मारली. अंधार पडत होता. आम्ही सुरूच्या बनातून परत येत होतो. मी कित्येक वर्षांत प्रथमच खूश होते. मी म्हटलं, "आईची वस्तू मिळाली बाय. एक तर एक."

नली म्हणाली, "ही आपली नव्हे."

मी थांबले. ती चालत होती, म्हणून मलाही चालावं लागलं.

"आपल्या पोकळ होत्या, ताई. आत लाख. आईला भरीव कुठल्या परवडायला? ही भरीव आहे, जड आहे. हातात घेतली की कळतं." मग जरा पुढे गेल्यावर म्हणाली, "माझ्या वाट्या भावजींनी हातात घेतल्या होत्या ना, फेकायच्या आधी. त्यांना वजनसुद्धा आठवत नाही."

"मग ही कोणाची?"

"असेल कोणाची तरी. तिच्याही दिराने फेकलेली असेल."

दुसऱ्या दिवशी घट बसले. नलीने सकाळी काळ्या दोऱ्यात ती वाटी ओवली, गळ्यात घातली आणि सामाईक पडवीतून, भावजी चहा पीत बसले होते त्यांच्या समोरून, अंगणवाडीत गेली.